शेपटीवर बसलेले विमान

मी एक जुने विमान आहे, मित्रांनो. जुने म्हणजे तेवीस वर्षांचे. मात्र मी कधी आकाश पाहिले नाही, आणि खरे सांगायचे तर अजून पुरते विमानही झालेले नाही. टपाल नेणाऱ्या एका खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या भागाएवढे माझे अंग. दोन पंख, त्यांवर दोन पंखे, पोटाखाली तीन चाके. रंग नाही, खिडक्यांना काचा नाहीत. राखाडी प्लॅस्टिक आणि त्यावर धूळ, एवढाच माझा थाट. दमलेला माणूस मिळेल तिथे टेकतो, तसे मी इतकी वर्षे शेपटीवर टेकून होते.

शेपटीवर का, ते आधी सांगते, नाहीतर तुम्ही मला आळशी समजाल. माझ्यासारख्या तीन चाकांच्या छोट्या विमानाचे मागचे अंग जड असते. चाकांवर नीट उभे राहायचे तर नाकात थोडे वजन लागते. माझ्या सूचनापत्रात चौथ्या पायरीला ठळक अक्षरांत लिहिले होते की नाकाच्या पोकळीत सात ग्रॅम वजन ठेवा, मगच अंगाच्या दोन्ही बाजू एकमेकींना चिकटवा. एकदा बाजू चिकटल्या की नाक कायमचे बंद. माझी सगळी कथा या चौथ्या पायरीवरच अडून राहिली.

मी जन्मले एका कारखान्यात, सुट्या तुकड्यांत. अठ्ठावन्न भाग, चार चौकटींना देठांनी जोडलेले, आणि ते सगळे एका चपट्या खोक्यात. खोक्यावर ढगांवरून झेपावणाऱ्या विमानाचे चित्र होते. ते पाहून मला माझाच हेवा वाटे. आपण असे दिसणार, या आनंदात मी दुकानाच्या फळीवर कितीतरी महिने काढले. तेव्हा मला वाट पाहण्याचा कंटाळा कसा असतो, ते ठाऊक नव्हते.

मला घरी आणले ते कवळीवाल्यांनी. त्यांना सगळी गल्ली कवळीवाले म्हणते, कारण दातांच्या डॉक्टरांसाठी ते कवळ्या बनवतात. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचे टेबल. त्यावर मेण, साचे, बारीक कानशी, केसाएवढ्या पात्याची करवत, आणि रांगेत मांडलेले लोकांचे दात. कुणाची कवळी हिरडीला टोचत असेल तर ते ती नखभरही नाही एवढीच घासत आणि तो माणूस हसत घरी जाई. असा हात आपल्याला लागणार म्हणून मी स्वतःला भाग्यवान समजत होते.

त्यांची मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. घरात तिला बटण म्हणत. मला बनवायचे ठरले तेच मुळी तिच्यासाठी. एका रविवारी सकाळी कवळीवाल्यांनी जुन्या सायकलच्या चाकातले सात छर्रे काढले, धुऊन पुसून चकचकीत केले आणि तिच्या तळहातावर ठेवले. एकेक छर्रा साधारण ग्रॅमभराचा, म्हणजे सात छर्ऱ्यांत काम भागणार होते.

"हे विमानाच्या नाकात घालायचेत," ते म्हणाले. "मी मागितले की दे. तोवर हाताची घडी, तोंडावर बोट. माझा हात हलला तर गोंद पसरेल."

मुठीत छर्रे असताना हाताची घडी कशी घालायची, हा प्रश्न तिला पडला असावा. पण तोंडावर बोट ठेवायचे असल्यामुळे तिने तो विचारला नाही. तिने डाव्या मुठीत छर्रे धरले, उजव्या हाताचे बोट ओठांवर ठेवले आणि ती स्टुलावर चढून बसली. पायलटची खुर्ची बसली, मागच्या चाकांची खोबण बसली. कवळीवाल्यांनी माझ्या दोन्ही बाजूंच्या कडांना गोंद लावला, आणि नेमकी इथेच माशी शिंकली. दवाखान्यातला माणूस तातडीची कवळी न्यायला दारात आला. गोंद वाळायला लागला होता. कवळीवाल्यांनी घाईघाईत माझ्या दोन्ही बाजू एकमेकींवर दाबल्या, वर रबरबँड चढवले आणि हात धुवायला ते उठून गेले.

बटणचे डोळे विस्फारले. तिने मूठ पुढे केली. बोट मात्र ओठांवरून काढले नाही, कारण तिला तसे सांगितलेले होते. मित्रांनो, मला त्या वेळी आवाज असता तर मी ओरडले असते. पण मी तर अजून धड जोडलेलेही नव्हते. कवळीवाले पुढच्या दाराशी बोलत उभे राहिले, मग तसेच बाहेर गेले, आणि ती पोर आई जेवायला हाक मारीपर्यंत स्टुलावर तशीच बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझी चाके बसवली आणि मला टेबलावर ठेवले. मी धपकन शेपटीवर बसले. कवळीवाल्यांनी कपाळाला हात लावला. त्यांनी ड्रॉवर उपसले, टेबलाखाली वाकून पाहिले, पण छर्रे सापडले नाहीत. ते आपण कुणाच्या हातात दिले होते, हे कामाच्या गडबडीत त्यांच्या डोक्यातून साफ गेले होते. बटण शाळेतून आली तेव्हा तिला मी दिसले आणि बाबांचा उतरलेला चेहरा दिसला. तिला वाटले, आपलेच चुकले. तिने छर्रे पेन्सिलींच्या पत्र्याच्या डबीत टाकले आणि डबी आपल्या खोलीतल्या कपाटाच्या तळाशी सारली. टेबलावरून, उघड्या दारातून मी हे सगळे पाहिले, आणि हे माझ्याशिवाय कुणालाच पुरते माहीत नव्हते.

नाक कापून पुन्हा उघडता आले असते. कवळ्या कापणाऱ्याला त्यात अवघड काय? पण आपल्या हातची चूक आपणच कापायची म्हटले की भल्याभल्यांचा हात आखडतो. उद्या बघू, असे म्हणून कवळीवाल्यांनी मला खोक्यात ठेवले, आणि मन रमवायला दुसरे खोके आणले. त्यात वाफेचे इंजिन होते. ते चाकांपर्यंत आले आणि त्यांना माझी आठवण झाली. आधी विमान पुरे करू, मग इंजिन, असे त्यांनी ठरवले. मला काढले, हातात फिरवले, परत ठेवले. मग तिसरे खोके आले. अशा रीतीने एका शिडाचे जहाज, दिवा नसलेले दीपगृह, अर्धा पूल, तीन चाकांवरची क्रेन, सगळे माझ्या मागे रांगेत येऊन बसले. मी पुरे झाल्याशिवाय त्यांचा नंबर लागणार नव्हता, आणि माझा काही केल्या लागत नव्हता.

बटण मोठी झाली, शिकायला आणि पुढे नोकरीला दुसऱ्या गावी गेली, तशी खोक्यांनी तिची खोली बळकावली. आधी कपाटाचा माथा, मग खिडकीचा कट्टा, शेवटी पलंग. मोजून त्रेचाळीस खोकी. आता कवळीवाल्यांना कामाला लागणे भाग होते, आणि ते लागलेही. फक्त मॉडेले बनवण्याच्या नव्हे, त्यांचा बंदोबस्त करण्याच्या. त्यांनी एक वही घातली. तिच्यात प्रत्येक खोक्याचा क्रमांक, काय झाले, काय राहिले, कोणता रंग हवा. मग त्यांनी चिठ्ठ्या डकवल्या. लाल म्हणजे लगेच, पिवळी म्हणजे लवकर, हिरवी म्हणजे सवडीने. सहा महिन्यांत लाल चिठ्ठ्यांचा रंग उडून त्या गुलाबी झाल्या. मग नियम केला की दोन पुरी झाल्याशिवाय नवे आणायचे नाही. पुढच्याच आठवड्यात ते नवे खोके घेऊन आले आणि बायकोला समजावू लागले की हे इतके लहान आहे की याला खोके म्हणताच येणार नाही. ती म्हणाली की मग हे तुमच्या खिशातच ठेवा.

दर वर्षी नवी वही निघे आणि दर वहीत पहिल्या ओळीत मी असे. क्रमांक एक, टपालाचे विमान, नाक उघडणे बाकी. इतक्या वेळा माझे नाव लिहिले गेले, पण हात काही लागला नाही. टाकून दिलेल्या वस्तूचे दुःख निदान एकदाचे असते. माझे भिजत घोंगडे होते. मला दर वर्षी आशा लावली जाई आणि दर वर्षी मी थोडे आणखी थकत असे. शेवटी वही उघडल्याचा आवाज आला तरी मला काही वाटेनासे झाले.

मग या वर्षी फोन आला. बटण जिन्यावरून पडली होती, पायाला सळई घालावी लागली होती, आणि तीन महिने ती घरी राहायला येणार होती. आठ दिवस हातात होते. कवळीवाल्यांनी लगबगीने नवी वही काढली, तीन रकाने आखले. ठेवायचे, द्यायचे, टाकायचे. सहाव्या दिवशी रकाने सुंदर दिसत होते आणि पलंगावरचे एकही खोके हलले नव्हते. बायको दारात उभी राहून म्हणाली, "अहो, पोरगी पाय मोडून येतेय. ती काय या खोक्यांवर झोपणार?"

ते शब्द त्यांना लागले. त्या दिवसापासून त्यांनी वहीला हात लावला नाही. ज्यांच्यात धुगधुगी होती अशी खोकी त्यांनी हस्तकलेच्या शिक्षकांना दिली, चारपाच स्वतःसाठी ठेवली. मला त्यांनी तीन वेळा कचऱ्याच्या पोत्यात टाकले आणि दोन वेळा बाहेर काढले. चिडून नव्हे, लाजून. शेवटी ते माझ्याकडे न बघताच म्हणाले, "तू माझ्याच्याने होणार नाहीस." मला राग आला नाही. उलट सुटल्यासारखे वाटले, आणि तसे वाटल्याचे वाईटही वाटले.

बटण दुपारी आली. कुबड्या टेकत ती दारातून आत आली आणि पोत्याशी थांबली. पोत्यातून माझी शेपटी वर आली होती. आडवे पडूनही माझी तीच खोड. तिने मला उपसून काढले, खोलीत नेले आणि पलंगावर बसून विचारले की हे का टाकताय.

"उभं राहत नाही ते," कवळीवाले म्हणाले. "माझीच चूक. नाकात वजन घालायचं विसरलो होतो."

तिने माझ्या नाकावरून अंगठा फिरवला. मग तिने आईला कपाटाच्या तळाशी एक पत्र्याची डबी असेल, ती काढून द्यायला सांगितले. डबीचे झाकण गंजून बसले होते. कवळीवाल्यांनी ते चिमट्याने उचकटले आणि तिने डबी तळहातावर उलटी केली. पेन्सिलींची दोन थोटके पडली आणि त्यांच्यामागून छर्रे.

"हे माझ्या मुठीत होते, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही म्हणाला होतात, मागितल्याशिवाय बोलायचं नाही. तुम्ही मागितलेच नाहीत."

कवळीवाले हातातला चिमटा तसाच धरून उभे राहिले. तू तिथेच बसली होतीस का, असे त्यांनी विचारले, आणि आई जेवायला बोलवेपर्यंत, असे ती म्हणाली. बोलता बोलता तिचा आवाज सहा वर्षांच्या पोरीसारखा झाला. "नंतर दर सुट्टीत घरी आले की एक खोकं वाढलेलं असायचं. मला वाटायचं, माझ्यामुळे तुमचं एकही पुरं होत नाही."

मित्रांनो, त्रेचाळीस खोकी आपल्या डोक्यावर आहेत असे मी समजत होते. ती त्या मुलीच्या डोक्यावर होती. इतकी वर्षे मी तिच्याच खोलीत बसून होते, तरी हे माझ्या ध्यानात आले नव्हते.

 कवळीवाल्यांनी टेबल ओढून पलंगाशी आणले, चष्मा लावला आणि बारीक करवत घेतली. माझे नाक कापले तेव्हा मला दुखले नाही. करवत दोनदा ओढली की ते थांबत आणि रेघ सरळ आहे ना ते पाहत. बटण शेजारी बसून होती. नाक सुटून टेबलावर पडले, तेव्हा त्यांनी मान वर केली. तिने डाव्या मुठीत छर्रे धरले होते आणि उजव्या हाताचे बोट ओठांवर होते. ती हसत होती, पण डोळे भरलेले होते.

"दे," ते म्हणाले. मग म्हणाले, "आणि ते तोंडावरचं बोट काढ आता."

तिने एकेक छर्रा दिला. छर्रे सहाच निघाले. सातवा कधी कुठे घरंगळला, कोण जाणे. सहा छर्ऱ्यांनी मी चाकांवर उभे राहिले, पण कुणी टेबलाला हात लावला की मागे कलायचे. तेव्हा कवळीवाल्यांनी आपल्या साहित्यातला कवळीच्या तारेचा तुकडा गुंडाळून सातव्याच्या जागी भरला, मेणाने पक्का केला आणि नाक परत बसवले. खऱ्या विमानांच्या नाकात काय काय असते मला माहीत नाही, पण कवळीची तार कुणाच्याही नाकात नसेल.

आता मी बटणच्या खिडकीच्या कट्ट्यावर तीन चाकांवर उभे आहे. नाकावर कापल्याची रेघ आहे. रंग अजून लागलेला नाही आणि लागेल असे कुणी वचनही दिलेले नाही. मी दमलेले आहे, ते काही एका दिवसात जाणार नाही. पण सकाळी ऊन आले की माझी सावली पहिल्यांदाच खोक्यावरच्या चित्रासारखी पडते, आणि ती पाहायला बटण पाय ओढत येते.

मित्रांनो, तुमच्याही घरात अर्धवट राहिलेल्या वस्तू असतील. त्यांना धुळीत टाकू नका, आणि नुसते वहीतही लिहून ठेवू नका. त्यातली एक तरी बाहेर काढा. पण त्याआधी आजूबाजूला पाहा. कुणीतरी तुमच्या सांगण्यावरून मूठ मिटून गप्प बसलेले असेल. त्याला तोंडावर बोट ठेवायला तुम्ही सांगितले असेल, तर ते काढायलाही तुम्हीच सांगायला हवे.