दुसऱ्या रांगेतली बेबीताई

“बेबीताई, तुमाले बोलाचंच किती हाय? दोन वाक्यं. पयलं, शेषराव बोलला ते म्या माह्या कानानं ऐकलं. दुसरं, माह्या भावना दुखावल्या. बस. तिसरं वाक्य तोंडातून निघालं नाही पाह्यजे.”

कोर्टाच्या व्हरांड्यात हिंमतरावांनी दोन बोटं उभी केली आणि ती बेबीताईच्या नाकासमोर धरून ठेवली. पांढरा शर्ट, खिशाला पक्षाचा बिल्ला, आणि कपाळावर सकाळपासून घाम.

“अन् राजकुमारभाऊच्या सभेचं इचारलं तं?” बेबीताईने विचारलं.

“ऐकू नाही आलं म्हणा. भोंग्याचं तोंड तिकडं व्हतं, तुमी मांगं बसल्या व्हत्या.”

“टाया तं वाजवल्या न भाऊ म्या. व्हिडिओत दिसून राह्यलं.”

“टाया सारेच वाजवतात.” हिंमतराव जवळ सरकले. “रेणुकाचं ध्यानात ठेवा. पोरीले परमनंट कराचं चालू हाय.”

म्हणजे बोलण्याची गाडी शेवटी सुनेच्या नोकरीवर येऊन थांबली. बेबीताईने पदर सारखा केला आणि मान हलवली. मान हलवण्यात ती गेल्या दोन वर्षांत चांगली तयार झाली होती.

बेबीताई डोणगावजवळच्या एका गावात शाळेतली खिचडी शिजवते. सोळा वर्षं झाली. सुरुवातीला तिच्या हातचं नको म्हणून अर्ध्या पोरांचे डबे घरून येत. ही गोष्ट आज गावात कोणाला आठवत नाही, तिला आठवते. पुढे खिचडीचा वास वर्गात शिरला, पोरांच्या नाकांनी काय तो निकाल लावला आणि डबे बंद झाले. तिला वाटलं, मिटलं सगळं.

दोन वर्षांपूर्वी त्याच शाळेच्या मैदानावर शेषरावांची सभा झाली. शेषराव हे ‘त्या’ पक्षाचे वजनदार पुढारी. बोलता बोलता रंगात आले आणि म्हणाले, “शाळेत यायच्या हातची खिचडी खाऊ-खाऊ आपल्या पोट्ट्यायचं डोकं बी यायच्यावानीच झालं.” मैदान हसलं. बेबीताई शाळेच्या ओट्यावर पातेलं घासत होती. तिच्या हातातली घासणी तशीच राहिली. दोन दिवस तिला घास उतरला नाही. नवऱ्याला, किसनरावांना, तेवढं सांगितलं आणि गप्प बसली.

तिसऱ्या दिवशी दारात जीप आली. जीपमधून हिंमतराव उतरले, ‘आपल्या’ पक्षाचे कार्यकर्ते. बेबीताईच्या अपमानाचा त्यांना इतका संताप आला होता की पोलीस ठाण्यापर्यंत त्यांच्या कानाचा फोन सुटला नाही. तक्रार झाली, ॲट्रॉसिटीची केस झाली, मोर्चा निघाला, पुतळा जळला. मोर्चात बेबीताई सगळ्यांत पुढे. पक्षाचे नेते राजकुमारभाऊ तिला भर रस्त्यात ‘माझी बहीण’ म्हणाले, आणि आपल्या संस्थेच्या वसतिगृहात त्यांनी रेणुकाला मदतनीस म्हणून लावून घेतलं. बेबीताईला तेव्हा खरंच बरं वाटलं होतं. आपलं दुखणं कोणी एवढं उचलून धरेल, असं तिला जन्मात वाटलं नव्हतं.

त्यानंतर प्रत्येक सभेत ती स्टेजवर. दुसरी रांग, उजवीकडून तिसरी खुर्ची. दुसऱ्या रांगेचं काम तसं सोपं असतं. पुढच्या माणसाची पाठ हलली की हसायचं, हात वर गेला की टाळ्या वाजवायच्या. शब्द ऐकलेच पाहिजेत असं काही नाही.

आणि गेल्या महिन्यात जिल्हा परिषदेची निवडणूक आली. समोरून अश्वजित उभा होता. बेबीताईच्याच वस्तीतला, वकिली शिकलेला, तिची खिचडी खाऊन मोठा झालेला. उभा मात्र शेषरावांच्या पक्षाकडून. सतरा तारखेच्या सभेत राजकुमारभाऊ त्याच्यावर घसरले. “कोट घातला, सेंट मारला. पण रंग पाहा न गड्याचा! लाइट गेली तं दात काढल्याबिगर दिसत नाही. अन् कोटानं काय वस्ती झाकते का?”

मंडप हसून लोटपोट झाला. भाऊंची पाठ हलली आणि बेबीताईने टाळ्या वाजवल्या. चार-पाच वाजवून झाल्यावर शब्द तिच्यापर्यंत पोचले. तिचा स्वतःचा रंग अश्वजितपेक्षा दोन बोटं जास्तच काळा. ती हातांकडे पाहत बसली. घरी किसनरावांनी तो व्हिडिओ पाहिला, फोन उलटा ठेवला आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

या वेळी दारात जीप आली नाही. तिनेच हिंमतरावांना गाठलं, तर ते म्हणाले, “थे तं गंमत व्हती, बेबीताई. स्टेजवर बोलाच लागते तसं.”

“अन् शेषरावची?”

“थो मनातून बोलला व्हता.”

तिकडे शेषरावांच्या पक्षाला एकाएकी समतेची आठवण झाली. दोन वर्षांपूर्वी ‘साहेबांच्या बोलण्याचा विपर्यास झाला’ असं पत्रक काढणारी तीच माणसं आता काळ्या फिती लावून मोर्चात फिरत होती. आणि नेमकी याच आठवड्यात तिच्या केसची तारीख लागली.

पुकारा झाला. बेबीताई पिंजऱ्यात उभी राहिली, शपथ घेतली. सरकारी वकिलांच्या प्रश्नांना तिने दोन्ही वाक्यं नीट सांगितली. समोर शेषराव हात बांधून उभे होते, एखाद्या लग्नाला आल्यासारखे प्रसन्न. मग त्यांचे वकील उठले. माणूस फार गोड.

“ताई, मागच्या महिन्यात सतरा तारखेला तुम्ही राजकुमारभाऊंच्या स्टेजवर होता?”

सरकारी वकिलांनी हरकत घेतली. न्यायाधीश बाई म्हणाल्या, “विचारू द्या.”

“व्हती.”

“अश्वजितबद्दल जे बोललं गेलं, ते ऐकलं?”

मागच्या बाकावर हिंमतराव खोकले. ‘ऐकू नाही आलं’ हे शब्द बेबीताईच्या जिभेवर येऊन बसले होते. रेणुका सकाळी डबा भरून वसतिगृहात गेली होती, ती डोळ्यांपुढे आली. पण आताच तर तिने शपथेवर सांगितलं होतं की शेषरावांचं बोलणं आपण आपल्या कानांनी ऐकलं. तेच कान सतरा तारखेला बहिरे झाले म्हणायचं, तर मग ते दोन उपाशी दिवसही खोटे ठरत होते. इकडे बोलावं तर सून गेली, तिकडे बोलावं तर स्वतःच गेली.

“ऐकलं,” ती म्हणाली.

“दुखलं?”

“दुखलं.”

“आणि टाळ्या वाजवल्या.”

“वाजवल्या.”

“दुखल्यावर कोणी टाळ्या वाजवतं का, ताई?”

“मांगं बसलेल्याले वाजवाच लागतात, साहेब. हात आंधी वाजतात. दुखते मंग.”

कोणीतरी हसलं. वकील थांबले, हसणाऱ्याला पुरेसा वेळ दिला. “मग या बोलण्याची तक्रार का नाही दिली?”

“कोनी नेलं नाही.”

“म्हणजे दोन वर्षांपूर्वी नेलं, म्हणून दिली.”

“हाव. नेलं म्हणून ठाण्यात गेली. पण नेलं म्हणून दुखलं नव्हतं, साहेब. थे त्याच्या आंधीच दुखलं व्हतं. दोन दिस.”

न्यायाधीश बाईंनी टाइप करणाऱ्याला सांगितलं, “लिहा. ‘मला नेण्यात आले म्हणून मी तक्रार दिली, हे म्हणणे खरे आहे.’”

“बाई, पुढचं बी लेहा न.”

बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. “लिहा. ‘मात्र माझ्या भावना त्यापूर्वीच दुखावल्या होत्या.’”

कागद समोर आला. बेबीताईने एकेक अक्षर लावून वाचलं आणि सही केली. ते वाक्य आपलंच आहे हे तिला पटायला वेळ लागला.

बाहेर हिंमतराव ओरडले नाहीत. “सोताची केस सोताच्याच हातानं मारली तुमी,” एवढं म्हणाले आणि जीपकडे गेले. ती चार पावलं त्यांच्या मागे गेली, पण जीपचं दार लागलं होतं. तेवढ्यात शेषराव बाजूने निघाले. त्यांनी हात जोडले. “बरं केलं, बाई.” बेबीताईला शिसारी आली. ज्या माणसाने तिच्या हातच्या अन्नाला शिवी दिली, त्याच्या कामी तिचं खरं बोलणं आलं होतं.

बसस्टँडवर डोणगावची गाडी लागायची होती. बाकावर पिशवी ठेवून ती टेकली, तोच रेणुकाचा फोन आला.

“आई, वार्डनबाई म्हणे, उद्यापासून येऊ नोको.”

तिकडे रेणुका नाक ओढत होती.

“इतले दिवस चूप राह्यल्या. अजून एक दिवस नसतं जमलं का तुमाले?” फोन बंद झाला.

थोड्या वेळाने कोणी तरी समोर येऊन उभं राहिलं. अश्वजित होता. कोट नव्हता, साधा निळा शर्ट.

“जय भीम, मावशी.”

“जय भीम.”

“तू खरं बोलली. आता एक काम कर. भाऊच्या बोलण्याची तक्रार दे. मी देली तं राजकारण म्हनतीन. तू त्यायच्या स्टेजवरची, तुह्या तक्रारीले वजन येते. साहेबायनं गाडी देली हाय. आताच ठाण्यात जाऊ.” त्याने स्टँडच्या दाराकडे हात केला. तिथे शेषरावांच्या पक्षाच्या झेंड्याची जीप उभी होती.

बेबीताईने त्याच्याकडे नीट पाहिलं. याच्या अपमानावर टाळ्या वाजवल्याची लाज ती महिनाभर वागवत होती. माफी मागायची होती, पण तोंडातून निघालं भलतंच.

“अश्वजित, खिचडीचं बोलले तवा तू कुठं व्हता रे?”

तो पायातल्या चपलेशी चाळा करत राहिला.

“स्टेजवर.”

“कोन्त्या रांगीत?”

“मांगच्या.”

“हासला?”

“सारेच हासले, मावशी.” त्याचा आवाज अगदी खाली गेला. “तू ओट्यावर व्हती. मले दिसत व्हती.”

तिला राग आला नाही. आला असता तर सोपं झालं असतं. तिला त्याची दया आली, आणि स्वतःचीही. तिने बाकावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली.

“बस,” ती म्हणाली.

अश्वजित बसला. तो काहीतरी बोलणार होता, ओठ हललेही होते. इतक्यात जीपचा हॉर्न वाजला. मग पुन्हा वाजला, जरा लांब.

“तू नाही येत?”

“नाही.”

“घरी सोडू?”

“गाडी येते माही.”

तो उठला, वाकून तिच्या पायांना हात लावला आणि भराभर चालत गेला. पुढच्या सीटवर कोणी बसलं होतं. त्याने मागचं दार उघडलं आणि आत शिरला.

डोणगावची गाडी अर्धा तास उशिरा आली. तोवर स्टँडवर माणसं वाढली, पण बेबीताईने पिशवी मांडीवरून काढली नाही. बाजूला बसू का म्हणून कोणी विचारलं, की ती थोडी आणखी सरकून जागा करून द्यायची.