नोलाचा आकडा

"नोलाला रोजच्या कामात मदत लागते का?" मी विचारलं.

"लागते की!" मर्व्ह पास्को म्हणाला. "मी नसतो तर हिचा घास तोंडापर्यंत गेला नसता."

"चालता येतं?"

"चालते कसली! साठ वर्षं फरफटत नेतोय, पोरी."

रुग्णालयाच्या पलंगावर त्याची बायको. वय अठ्ठ्याऐंशी. त्या सकाळपासून उजवा हात लुळा पडलेला, तोंड वाकडं, वाचा गेलेली. मेंदूच्या मोठ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. मांडीतून बारीक नळी घालून ती ओढून काढता येते, पण मेलबर्नला. आमच्या गहूपट्ट्यातून विमानाने दीड तास. या वयात न्यायचं की नाही, हे झटक्याआधीची तब्येत पाहून ठरवतात. त्या तब्येतीला आकडा द्यायचं काम नर्सचं, म्हणजे माझं. शून्य म्हणजे धडधाकट, पाच म्हणजे अंथरुणाला खिळलेलं.

मी चारभोवती गोल केला.

"चार?" पडद्यावरचे मेलबर्नचे डॉक्टर म्हणाले. "मग तिचे हाल नकोत, ग्लेनिस. तिथेच आरामात राहू दे."

दुपारी त्यांची शेजारीण डॉट नोलाचे कपडे घेऊन आली.

"शनिवारी क्लबच्या हिरवळीवर बोल्स खेळायला आता आम्हाला गाडीतून कोण नेणार गं?"

"एरवी कोण नेतं?"

"नोलाच. आम्हा चौघींत तिलाच तेवढं धड दिसतं."

माझे वडील आईबद्दल मर्व्हसारखंच बोलायचे. बायकोचं चारचौघांत कौतुक करणाऱ्या नवऱ्याकडे आमच्याकडे लोक संशयाने बघतात. मी याच गावात वाढले. शिवाय बोलताना मर्व्ह नोलाचं पांघरूण उगाच पुन्हा पुन्हा सारखं करत होता. तेही मला दिसलं होतं.

मी पुन्हा फोन लावला. आकडा चार नव्हे, शून्य, असं डॉक्टरांना सांगितलं. मग विमान आलं. गुठळी सबंध निघाली. पण मधे गेलेल्या पाच तासांत मेंदूचा बराच भाग मरून गेला होता.

सहा आठवड्यांनी नोलाला आमच्याकडे परत आणलं. त्या सकाळी मर्व्ह तिला स्वेटर घालत होता. डावा हात घालून झाला होता, उजवा काही केल्या वळत नव्हता.

"माझी जीभच वाईट," तो मान वर न करता म्हणाला. "तू सरळ विचारत होतीस अन् मी थट्टा करत बसलो. घाबरलो की मी असाच बरळतो. माझ्यामुळे झालं हे."

गोल मी काढला होता. आणखी एक प्रश्न विचारायला दहा सेकंद लागली असती. हे त्याला सांगायलाच हवं होतं.

"आधी उजवी बाही घाला, मर्व्ह," मी म्हणाले. "लुळा हात नेहमी आधी."

"अस्सं होय?" तो म्हणाला. "बरं झालं सांगितलंस."

त्याने स्वेटर पुन्हा काढला. मग उजव्या बाहीत आपला हात खालून घालून तो तिची बोटं हलकेच बाहेर ओढू लागला.