नी आशितेईंचा कान

ढोलबंदीचा महिना लागला तेव्हा शोर्मेने आपल्या परीने चोख काळजी घेतली होती. बहिऱ्या मुलांच्या शाळेतला तो कमरेएवढा ढोल तिने दोन चादरींत गुंडाळला, वर स्वयंपाकीणबाई आवो कोर्कोरचा जुना झगा चढवला, आणि मग त्यावर जीव खाऊन टोले घातले. सहाव्या वर्षी तापात तिचे कान गेले. आवाज भांड्यातल्या धुरासारखा बाहेर पडत असावा आणि झाकण घट्ट असलं की आत कोंडत असावा, अशी तिची ठाम समजूत होती. फरशी थरथरायची, थरथर टाचांतून पोटात चढायची आणि सगळी पोरं नाचायला लागायची. देवांची झोपमोड होईल असं त्यात काही आहे, हे तिच्या डोक्यातही आलं नाही.

देवांचं माहीत नाही, पण अर्ध्या गावाची झोपमोड झाली. होमोवोचा सुगीचा सण तोंडावर, मका वाढेपर्यंत देवांना शांतता हवी, बायका मेलेल्या माणसालासुद्धा हळू आवाजात रडतायत, आणि बहिऱ्यांच्या शाळेत हा धडाका!

बंदी पाळायला लावणाऱ्या तरण्या पोरांचा म्होरक्या बोर्केतेई दारात येऊन ओरडला. कुणी वळून पाहिलं नाही. तो आणखी जोरात ओरडला. शेवटी दोन्ही हात हलवत मध्ये घुसला, तर एका चिमुरड्याने त्याचा हात धरून त्यालाच गिरकी घ्यायला लावली.

मग ढोल, पोरं आणि पिठाने माखलेल्या हातांची आवो कोर्कोर, अशी वरात गावचे म्हातारे प्रमुख नी आशितेई यांच्या अंगणात पोचली. त्या घोळक्यात कान शाबूत असून खुणाही येणारी आवो एकटीच होती.

आवाज झाला की नाही, हे गावात नी आशितेईंचा कान ठरवतो. जप्त केलेली वस्तू त्यांच्यासमोर वाजवायची, ते डोळे मिटून ऐकणार आणि निकाल देणार. त्या कानाची कीर्ती मोठी. गेल्या साली चर्चचा कर्णा आणला होता. त्याची वायरच जोडलेली नव्हती, हूं की चूं झालं नाही. नी आशितेईंनी डोळे उघडले आणि म्हणाले, "आवाज आहे." लोक थक्क! अजून बाहेर न पडलेला आवाज ऐकणारा माणूस! त्याआधी एक शिलाई मशीन आणि एक कोंबडा असाच कोठीत जमा झाला. त्यांच्या कोठीत गेलेली वस्तू परत आलीच तर उंदरांच्या पिल्लांसकट यायची.

शोर्मे ढोलाला बिलगून उभी राहिली. घरी सुट्टीत गेलं की सगळे दिवसभर तोंडं हलवत, हसत, आणि ती ताटावरची माशी हाकत बसे. ढोलापाशी मात्र ती सगळ्यांच्यात असे. तो गेला तर शाळेतही माशाच हाकायच्या.

"नी, ही पोरं बंदीत ढोल बडवत होती," बोर्केतेई म्हणाला.

"अरे मेल्या, त्यांनी चादरी गुंडाळल्या होत्या की!" आवो कोर्कोर कडाडली. "तुझ्या बायकोचं तोंड कधी गुंडाळलंस का महिनाभर?"

"बायकोला मध्ये आणू नकोस, आवो!"

शोर्मे म्हाताऱ्याकडे बघत होती. बोर्केतेईने घाम पुसायला तोंडावर फडकं धरलं आणि तसाच बोलत राहिला. म्हाताऱ्याची मान भलत्याच वेळी डोलली. इतक्यात त्यांच्या पाठीमागे शेळीने घमेलं उलथवलं. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. नी आशितेईंची नाही. ते डोळे बारीक करून ओठ वाचत बसले होते.

शोर्मेला ती नजर पक्की ओळखीची होती. तिची स्वतःचीच होती ती.

तिला आधी संताप आला. ऐकू येत नाही आणि दरवेळी "आवाज आहे"! मग तिला त्यांची दयाही आली, कारण 'नाही' म्हणावं आणि नेमका आवाज झालेला असावा, अशी त्यांना भीती वाटत असणार. कुणाला काही न सांगता तिने चादरी ओढून काढल्या, ढोल ढकलत नेला आणि म्हाताऱ्याच्या बाकाला टेकवला. बोर्केतेईला खूण केली, हं, वाजव.

त्याने टोला घातला.

नी आशितेई बाकावर टुणकन उडाले. त्यांनी बाकाकडे पाहिलं, स्वतःच्या मांड्यांकडे पाहिलं, मग शोर्मेकडे.

"नीट नाही आलं. पुन्हा," ते म्हणाले.

बोर्केतेईने पुन्हा वाजवला.

"पुन्हा. थांबू नकोस."

ऐन बंदीत, खुद्द नी आशितेईंच्या अंगणात, बंदीचा पहारेकरी घामाघूम होऊन ढोल बडवू लागला. पोरांच्या टाचांना ते कळलं आणि ती नाचायला लागली. कुंपणावर माणसं लोंबकळली. म्हाताऱ्याने चपला काढल्या आणि दोन्ही तळवे ढोलाच्या पोटावर ठेवले.

"नी, आता तरी निकाल!" बोर्केतेई धापा टाकत म्हणाला.

"आवाज मला चांगला कळतो," नी आशितेई म्हणाले. "हा आवाज नाही."

"नाही? मग काय आहे हे?"

"तुझा कान मोठा की माझा?"

कुंपणावरच्यांनी माना डोलावल्या. ज्याला न वाजलेला कर्णा ऐकू आला, तो नाही म्हणतो म्हणजे नाहीच.

"ऐकलंत ना? चला, उचला रे," आवो कोर्कोरने खुणा केल्या. पोरांनी ढोल उचलला, पण तो पुढे सरकेना. म्हाताऱ्याचे तळवे सुटत नव्हते. त्यांचे डोळे भरले होते. ते शोर्मेकडे वळले आणि आवाज न काढता नुसते ओठ हलवले, "किती वर्षांनी गं." तिने त्यांच्या हातावर हात ठेवला. तिलाही रडू आलं.

मग ढोल निघाला तो नी आशितेईंना घेऊनच. भर उन्हात, भर बाजारातून, अनवाणी, एक हात ढोलावर. शोर्मे चालता चालता टोले घालत होती. खुद्द नी आशितेई जप्तीचा माल नेतायत असं समजून मक्याच्या पिठाचं केंके विकणाऱ्या बायका अदबीने उठून उभ्या राहत होत्या. सगळ्यांच्या पुढे बोर्केतेई घसा फोडून ओरडत होता, "बाजूला व्हा! शांतता राखा!" ढोलामागच्या त्या दोघांना त्यातलं काही ऐकू आलं नाही.