महाराजांची वाटी

शिवम्मानं हुग्गीचं पितळी पातेलं फळीवरून उतरवलं, पदरानं पुसलं, क्षणभर हातात धरलं आणि पुन्हा होतं तिथंच पालथं घातलं. मग खाली बसून परातीतल्या ज्वारीच्या पिठात कढत पाणी ओतलं.

तिचा नवरा मल्लप्पा एका पायावर भार देत स्वयंपाकघराच्या दाराशी आला. डाव्या पायाच्या अंगठ्याला अजून पांढरी पट्टी होती.

"गूळ फोडलेला दिसत न्हाई कुटं?"

"फोडलाच न्हाई."

"मग हुग्गी?"

"करणार न्हाई."

मल्लप्पानं चौकट धरली. "आज महाराज जेवायला हायत, शिवम्मा. शुद्धीवर हायस की न्हाई?"

"हाय की. म्हणून तर."

श्रावणात गल्लीतल्या महादेवाच्या देवळात शिवकीर्तन व्हायचं, आणि समाप्तीला कीर्तनकार महेश्वरस्वामी महाराज मल्लप्पाच्या घरी जेवायचे. खपली गव्हाची, गूळ-खोबऱ्याची खीर, म्हणजे हुग्गी, ठरलेली. महाराज वाटीतला एक घास घ्यायचे, मग ती वाटी शेजारी बसलेल्या मल्लप्पाकडे सरकवायचे. "घ्या मल्लप्पा, तुमचा वाटा." साऱ्या भवानी पेठेत हा मान दुसऱ्या कुणाला नव्हता. महाराजांच्या हातचा प्रसाद. तो नको म्हणता येत नाही आणि वाटीत थेंबही ठेवता येत नाही. गेल्या श्रावणात, रक्तात साखर निघालेली असूनही, मल्लप्पानं वाटी निपटून खाल्ली होती आणि वाटीत पाणी घालून तेही प्यायला होता.

एका वाटीनं काही होत नसतं, हे शिवम्मालाही कळत होतं. पण श्रावणातली एक, दसऱ्यातली एक, गड्ड्याच्या जत्रेतली एक. प्रत्येक वाटी एकच असते. बाकीच्या वाट्या ती डोळे वटारून परत पाठवू शकायची. ही एक तिच्या हातात नव्हती. पुढं उन्हाळ्यात चपलेनं अंगठा सोलवटला आणि जखम भरेना. डॉक्टर म्हणाले, बोट राहिलं हे नशीब. आता साखर आवरा, पुढच्या वेळी मी शब्द देत नाही.

"महाराजांना काय सांगू? भाकरी खा?" मल्लप्पाचा आवाज उतरला. "पुढच्या वर्षी दारात यायचे न्हाईत."

"देवानं भक्ताच्या घरची अंबील गोड मानली, हे त्यांनीच सांगितलंय की. रडला होतात तुमी ते ऐकून."

"कीर्तनात चालतं ते. पंगतीत न्हाई चालत."

शिवम्मा पिठाचा गोळा मळत राहिली.

कीर्तनाला ती नेहमीसारखी खांबाला टेकून बसली. तिला कीर्तनाचं भारी वेड. टाळ सुरू झाले की तिचे गुडघे दुखायचे थांबत. महाराजांचा आवाज अजून तसाच, वरच्या सुराला जाऊन तिथंच घर करणारा. आज मात्र ते मधेच थांबून पाणी पीत होते, दोनदा तांब्या भरून आणावा लागला. अंगरखा खांद्यावर सैल झाला होता. शिवम्मानं डोळे मिटले. शंकरा, माझ्या हातून चूक होत असेल तर मला धर, माझ्या माणसाला सोड. आरतीच्या गजरात तिनं टाळी वाजवली ती हात लाल होईपर्यंत.

घरी आल्यावर मल्लप्पानं महाराजांचे पाय धुतले. पट्टी बांधलेला स्वतःचा पाय तो मागं दडवत होता.

"पायाला काय झालं?" महाराजांनी विचारलं.

"काय न्हाई जी. चप्पल लागली."

महाराज पाटावर बसले. शेजारी मल्लप्पा, मान खाली.

शिवम्मानं ताट आणलं. वाफाळती भाकरी, अंबाडीची पातळ भाजी, म्हणजे पुंडीपल्या, मोड आलेल्या मटकीची उसळ, काकडीची कोशिंबीर, शेंगाची चटणी, ताक. महाराजांची नजर ताटावरून फिरली आणि जिथं दरवर्षी वाटी असते त्या जागेवर थांबली. तिथं भिजवलेल्या मेथीदाण्यांची चिमूटभर कोशिंबीर होती.

मल्लप्पानं हात जोडले. "महाराज, घरात... म्हणजे हिनं..."

"मी केलं न्हाई गोड," शिवम्मा म्हणाली. "यांना साखर हाय. तुमच्या वाटीला हे न्हाई म्हणत न्हाईत, म्हणून वाटीच मांडली न्हाई. पाप लागलं तर मला लागू द्या."

मल्लप्पानं डोळे मिटून घेतले.

महाराजांनी भाकरीचा तुकडा मोडला. पुंडीपल्यात बुडवला. सावकाश चावला. मग दुसरा. मटकीची उसळ त्यांनी बोटांनी गोळा करून खाल्ली, मेथी खाताना तोंड वाकडं केलं आणि तरी संपवली. दरवर्षी ते पहिल्याच वाढणीला ताटावर हात आडवा धरून "साकु, अव्वा, साकु" म्हणायचे. पुरे, आई, पुरे. आज शिवम्मा भाकरी घेऊन आली तेव्हा त्यांनी हात बाजूला घेतला.

"अर्धी?" तिनं विचारलं.

"अर्धीनं काय होतंय? पोटभर जेवायला बसलोय मी आज."

मल्लप्पानं एक डोळा उघडला. मग दुसरा. मग हळूच आपल्या भाकरीला हात घातला.

"आज तुम्हाला द्यायला काही उरलं नाही, मल्लप्पा," ताट स्वच्छ करून महाराज म्हणाले.

"तुमी पोटभर जेवलात जी," मल्लप्पा म्हणाला.

न्हाणीशी शिवम्मानं महाराजांच्या हातावर पाणी घातलं. त्यांनी बोटं चोळली. उजेडात त्यांच्या बोटांच्या टोकांवर बारीक काळसर ठिपके दिसले, सुई टोचल्यासारखे. तसलेच ठिपके ती रोज सकाळी मल्लप्पाच्या बोटांवर बघायची, साखर मोजायच्या यंत्राच्या पट्टीला रक्ताचा थेंब लावताना.

तांब्यातलं पाणी सांडून तिच्याच पायावर पडलं.

तिनं वर पाहिलं. महाराजांनी हात मागं घेतले नाहीत.

"लई वर्षं झाली?" तिनं हळू आवाजात विचारलं.

"बरीच." ते मल्लप्पाच्या पट्टीकडे बघत होते. "मला ठाऊक असतं तर, अव्वा... लोक मायेनं करतात. नाही म्हणायला जीभ रेटत नाही."

"उद्या कुटं?"

"मोडनिंब. तिथं पुरणपोळी. तिथल्या यजमानांनाही माझ्या ताटातला वाटा लागतो."

शिवम्मा आत गेली. तव्याखालचा गॅस पुन्हा पेटला. थापण्याचा आवाज बाहेर येत राहिला, आणि ओसरीवर सुपारी कातरत बसलेल्या मल्लप्पानं हाक मारली, "अगं, आता कुणासाठी?"

निघताना तिनं महाराजांच्या हातात फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या दिल्या. वर शेंगाच्या चटणीची पुडी. महाराजांनी गाठोड्याचं वजन हातात तोललं.

"मला एकट्याला इतक्या?"

"न्हाई की," शिवम्मा पदर सावरत म्हणाली. "तिथल्या यजमानांच्या पण हायत त्यात."