हिल्केच्या अंड्यांचा राखणदार

मित्रांनो, मी एक जुना थर्मोस्टॅट आहे. नावाला घाबरू नका. पेटीतली ऊब वाढली की वीज तोडायची आणि कमी झाली की जोडायची, एवढेच माझे काम. माझ्या पोटात पितळेची एक चपटी डबी आहे. ऊब लागली की ती फुगते आणि कळ दाबते, गार झाली की आक्रसते. तेव्हा मी ‘टक्’ असा आवाज करतो. बोलणे म्हणून मला तेवढेच येते.

माझी उमेदीची वर्षे जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावरच्या ऑस्टफ्रीसलँडमध्ये, ओनोच्या कोंबड्यांच्या उबवणपेटीत गेली. किती पिल्ले माझ्या देखत कवच फोडून बाहेर आली! प्रदर्शनात पदक मिळे कोंबडीला आणि मिशा पिळी ओनो. माझे नाव कुणी काढले नाही. पुढे त्याने नवी पेटी घेतली आणि माझी रवानगी खिळ्यांच्या डब्यात झाली.

तिथून मला बाहेर काढले ते हिल्केच्या कासविणीने. हिल्के ही ओनोच्या भावाची, फोल्कर्टची बायको. फोल्कर्ट गेला तेव्हा मागे कासवांची जोडी ठेवून गेला. गेल्या शरदात त्यातला नरही गेला. आता मादी, ट्रूडे, बागेतली माती उकरत फिरत होती. तिच्या पोटात अंडी होती. फोल्कर्टच्या जोडीची ही शेवटचीच. पिल्ले झाली नाहीत तर सारे तिथेच संपणार होते.

हिल्केने बंदरावरून मासळीचा थर्मोकोलचा खोका आणून बागेतल्या शेडमध्ये ठेवला आणि तळाशी गरम होणारी तार अंथरली. थर्मोस्टॅट तेवढा राहिला होता.

“नवा कशाला आणतेस? हा घे,” चहात खडीसाखर टाकत ओनो म्हणाला. “माझ्या निम्म्या कोंबड्या यानेच काढल्यात.”

“कोंबड्या वेगळ्या, कासवं वेगळी.”

“अगं, अंडं ते अंडं!”

आणि सवयीने त्याने मला कोंबडीच्या उबेवर लावूनही टाकले. हिल्केने अंडी ठेवायच्या जागी काचेचा तापमापक ठेवून पाहिला. पारा सरसर वर चढला.

“अरे, उबवायचीत अंडी! उकडून खायची नाहीत!”

तिने मला खाली आणले आणि पेटी रिकामीच चालवून पाहिली. खरे सांगतो, मी तोडायचो उशिरा आणि जोडायचो उशिरा. पारा वरखाली होतच राहिला. शेवटी तिने नवा थर्मोस्टॅट आणला. त्याच्यावर आकडे उजळत आणि त्याच्या लांब तारेचे टोक थेट अंड्यांजवळची ऊब मोजत असे. मला फार वाईट वाटले.

“म्हणजे आमचा म्हातारा नापास,” ओनो फुरंगटून म्हणाला.

“नापास कोण म्हणतंय? रोजचं काम नवा करेल. तो बिघडून तापवतच राहिला, तर वीज तोडायला कुणी नको? हा राखण करेल.”

तिने आम्हाला एकामागे एक जोडले. वीज आधी माझ्यातून जाई, मग नव्यातून. मला तिने जरा वरच्या उबेवर लावले.

ट्रूडेने अंडी घातली. हिल्केने ती ओल्या वाळूत ठेवून प्रत्येकावर पेन्सिलीने फुली मारली. फुली वरच राहिली पाहिजे. कासवाच्या अंड्यातला जीव वरच्या बाजूला चिकटून वाढतो, उलटले तर तो मरू शकतो. हे तिने ओनोला पुन्हा पुन्हा बजावले. “कळलं गं, मी काय कुक्कुलं बाळ आहे?” तो म्हणाला.

त्यानंतर मी नुसता बसून होतो. राखणदाराचे चांगले दिवस असे रिकामेच जातात.

एकदा हिल्केला दिवसभर गावाला जावे लागले. ओनो पेटीवर नजर टाकायला आला. नजर टाकून थांबता तर! त्याने झाकण उघडले. कोंबडीची अंडी रोज फिरवायची असतात, आणि जन्मभर तेच केलेला हात आपोआप आत गेला. एक अंडे फिरले. फुली खाली गेलेली पाहून ओनो पांढराफटक पडला. त्याने अंडे पुन्हा सरळ केले आणि घाईत झाकण लावले. त्या घाईत नव्याची तार त्याच्या बाहीला अडकून बाहेर राहिली.

नवा बिचारा शेडमधली थंडी मोजू लागला आणि पेटी तापवतच सुटला. ऊब वाढली. माझी डबी फुगली. टक्! मी वीज तोडली. जरा गार झाले, जोडली. पुन्हा तापले, पुन्हा तोडली. दिवसभर हेच चालले होते.

हिल्के परतली. नव्यावरचा थंड आकडा आणि लोंबणारी तार पाहून ती पेटीकडे धावली. मग तिला माझा आवाज ऐकू आला. तिने आतला पारा पाहिला. ऊब जास्त होती, पण जिवावर बेतणारी नव्हती.

ओनो दारात उभा होता. “एक अंडं फिरलं गं माझ्या हातून.”

“फोल्कर्ट असता तर फावडं घेऊन धावला असता तुझ्या अंगावर.”

“धावला असता, तर मी जागचा हललो नसतो. मार खाल्ला असता.”

तिने तार पुन्हा अंड्यांजवळ ठेवली आणि झाकण लावले. मग म्हणाली, “चल आत. चहा टाकते.”

उन्हाळा सरताना कवचे तडकली. फोल्कर्टची पिल्ले एकेक करून वाळूत उतरली. ओनोच्या हातून फिरलेले ते एक अंडे मात्र तसेच राहिले. ओनो त्याच्यापाशी मान खाली घालून बसला होता. हिल्केने एक पिल्लू त्याच्या तळहातावर ठेवले. “सांभाळ. आणि याला तरी उलटं करू नकोस!” तो हसला आणि हसता हसता रडला.

मित्रांनो, तुम्हाला एकच विनंती. दुसऱ्याने जिवापाड जपलेले काही हाती घ्याल, तेव्हा आपल्या सवयीचे हात जरा आवरा. उबेची राखण मला जमते. हातांची राखण मला जमत नाही, ती तुम्हालाच करावी लागेल.