तिरप्या अक्षरांतली जागा

दुपारी कचेरीत धाकटीने माहितीपुस्तकाचं पहिलं पान एकदाचं लिहून हातावेगळं केलं. नेटवर्कची यंत्रं आज्ञा टाइप करून चालवायची असतात, आणि त्या आज्ञा पुस्तकात कशा वाचायच्या, हे आधी सांगावं लागतं. ठळक अक्षरं जशीच्या तशी टाइप करायची. तिरप्या अक्षरांच्या जागी आपल्याला हवं ते नाव घालायचं. चौकटी कंसातलं ऐच्छिक, गाळलं तरी काही अडत नाही. कालच एका गिऱ्हाइकाने कंसासकट सगळं टाइप करून यंत्राच्या नावाने बोंब मारली होती.

हे सगळं तिला बाबांनी शिकवलं होतं. त्यांची हयात छापखान्यात असल्याच पुस्तकांची अक्षरं जुळवण्यात गेली. "अक्षर कललं की अर्थ बदलला," असं ते म्हणायचे. थोरली बहीण तापाचं निमित्त होऊन गेली, मागे भावजी आणि लहानगी पोर राहिली, आणि बाबांचं बोलणंच आटलं.

संध्याकाळी धाकटी घरी आली, तर आई थोरलीचा लग्नातला ठेवणीतला पोशाख उसवत बसलेली.

"कुणासाठी गं?"

आईने मान वर केली नाही. "कमरेत आत घेतेय. तू तिच्याहून बारीक आहेस."

धाकटीला समजायला क्षणभर लागला. "भावजींनी मागणी घातली?"

"ते कुठले घालतात! तुझ्या बाबांनीच परवा जाऊन शब्द दिला."

तिच्या पायाखालची जमीन सरकली. भावजींवर रागावणं सोपं होतं. पण 'तुला विचारल्याशिवाय तुझं लग्न ठरणार नाही' म्हणून ज्यांनी डोक्यावर हात ठेवला, त्या बाबांनीच केसाने गळा कापला होता.

बाबा आतून आले. "पोरीला आई नको का? सगळीकडे असंच करतात. परकी कशी सांभाळेल तिला?"

"ताईचं नाव तिरप्या अक्षरांत होतं का, बाबा? ती गेली, आता तिथे मला घाला! आणि मला विचारणं तेवढं चौकटी कंसात!"

आई डोळे पुसत म्हणाली, "अगं, माय मरो पण मावशी जगो, म्हणतात. एवढी दगड होऊ नकोस."

"मग जगू द्या ना मावशीला! रोज जाईन, पोरीला न्हाऊ घालीन, भरवीन. पण मावशी म्हणून. बायको म्हणून त्या घरात पाऊल टाकणार नाही. शब्द बाबांचा आहे, त्यांनीच मागे घ्यावा."

"आता कोणत्या तोंडाने जाऊ मी?" बाबांनी विचारलं.

"मला न विचारता गेलात ना, त्याच तोंडाने."

बाबा गेले. शब्द मागे घेऊन आले. लेकीचा उडालेला विश्वास मात्र त्यांना परत आणता आला नाही. लेकीला न विचारता तिचा संसार मांडायला निघालेल्या प्रत्येक बापाने, उंबरठा ओलांडण्याआधी, एकदा मागे वळून तिच्या तोंडाकडे पाहावं.