मधली पाच मिनिटं

नारायणराव मंगळवेढेकरांनी मान वर केली तेव्हा अफूच्या अर्काची बाटली समोर उघडी होती. काचेचं बूच आडवं पडलं होतं. मापाच्या पेल्याच्या तळाशी तपकिरी ओल होती. बाटली कधी उघडली, ते त्यांना आठवेना.

दुपारचा एक वाजून गेला होता. पेशंट संपले होते आणि डॉक्टर करमरकर टांग्यातून व्हिजिटला गेले होते. शुक्रवार पेठेतल्या त्या दवाखान्यात कंपौंडर म्हणून नारायणरावांना एकोणीस वर्षं झाली होती. औषधांच्या कपाटाला दुसऱ्या कुणाचा हात लागत नव्हता.

त्यांनी तारेत ओवून ठेवलेल्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या काढल्या. शेवटून दुसरी चिठ्ठी गिरणीतल्या एका जॉबरची, म्हणजे मुकादमाची होती. जुलाब, खडूचं मिश्रण, अफूचा अर्क वीस थेंब. शेवटची चिठ्ठी गुरम्माच्या नातीची. वय वर्षे दोन. जुलाब, खडूचं मिश्रण. खाली डॉक्टरांनी लिहिलं होतं, ‘अफू नको’, आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या.

दोन्ही औषधं गेली होती. जॉबर समोर येऊन उभा राहिला होता, तेवढं आठवत होतं. त्यानंतर एकदम ही उघडी बाटली. मधल्या पाच-दहा मिनिटांत काहीच नव्हतं. गुरम्मा आली असणार, काहीतरी बोलली असणार. त्यांनी तिच्या हातात औषध दिलं असणार. पण कोणतं?

दोन वर्षांच्या पोराला तेवढी अफू गेली तर ते झोपतं आणि उठत नाही. हे त्यांनी स्वतः लोकांना कितीदा सांगितलं होतं.

दवाखान्याला कडी न लावताच ते बाहेर पडले.

चैत्राचं ऊन होतं. अंगाला दरदरून घाम सुटला होता. बोटं थरथरत होती. भीतीमुळे असेल, असं त्यांना वाटलं. चौकात आले आणि थांबले. डावीकडे एक बोळ जात होता, उजवीकडे एक. गुरम्मा कुठे राहते? तिचा नवरा रेवणप्पा, त्याचं कापडाचं दुकान, थोरल्या मुलीचं लग्न, सगळं आठवत होतं. घर तेवढं आठवेना. ते डावीकडे दहा पावलं गेले, परत आले. प्रत्येक दार ओळखीचं वाटत होतं आणि एकही ओळखता येत नव्हतं. तिकडे पोरगी झोपत असेल, आणि आपण इथे बोळ मोजत उभे आहोत.

कोपऱ्यावर केराबाई काकड्या घेऊन बसली होती.

“केराबाई, गुरम्माचं घर कुठं?”

ती हसली. चेष्टा करतायत असं तिला वाटलं. मग तिनं त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि टोपली तशीच टाकून उठली.

“असं काय करताय, कंपौंडरसायेब? तुमच्याच बोळात की. तुमच्या दारासमोरचं घर.”

तिनं त्यांचं कोपर धरलं. एवढा मोठा माणूस भर दुपारी एका काकडीवालीच्या हाताला धरून स्वतःच्या बोळात शिरला.

गुरम्मा उंबऱ्याशी धान्य निवडत बसली होती. आत चटईवर नात निजली होती.

“औषध दिलंस?” नारायणरावांनी विचारलं.

“व्हय, दिलं की. एक चमचा. लगेच झोपली बगा, लई दमली हुती.”

ते तिथेच चटईजवळ बसले आणि पोरीच्या छातीवर हात ठेवला. श्वास चालू होता. पण अफूतही श्वास चालू असतोच, आधी नुसता सावकाश होत जातो. त्यांनी मोजायला सुरुवात केली. अकरापर्यंत गेले आणि आकडा निसटला. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा निसटला.

“तिला उठव. झोपू देऊ नकोस. आणि कुणाला तरी पाठव, डॉक्टरांना घेऊन या म्हणावं.”

केराबाई तशीच पळाली. गुरम्माच्या हातातलं सूप खाली पडलं.

“काय झालंय? माझ्या पोरीला काय दिलं तुमी?”

“मला माहीत नाही,” नारायणराव म्हणाले.

गुरम्मानं नातीला ओढून मांडीवर घेतलं, गालांवर चापट्या मारल्या. “चंद्रव्वा, येळू, उठ गं बाई.” पोरीची मान कलंडत होती. नारायणरावांनी तिची पापणी वर केली. डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी दिसली तर सगळं संपलं. पण त्यांचीच नजर ठरेना, एकाच्या दोन बाहुल्या दिसत होत्या. मग पोरीनं तोंड वाकडं केलं आणि भोकाड पसरलं.

इतकं जोरात रडणारं पोर अफूतलं नसतं. हे त्यांना कळत होतं, तरी अंगाची थरथर थांबेना. बोलायला गेले तर जीभ जड झाली होती. तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं, की ही थरथर नुसत्या भीतीची नव्हे.

“गूळ,” ते कसंबसं म्हणाले.

“तुमाला गोड चालत न्हाय की. यशोदाकाकूंनी सांगितलंय.”

“दे.”

मधुमेह झाल्यापासून नऊ वर्षांत त्यांनी गूळ तोंडात घातला नव्हता. तिनं आणून दिलेला ढेकळाएवढा खडा त्यांनी दातांनी फोडून खाल्ला. थोड्या वेळानं भिंतीवरची खुंटी एकच दिसू लागली, आणि समोरचं निळं दार आपलं आहे हे त्यांनी ओळखलं.

डॉक्टर आले. त्यांनी पोरीला उजेडात नेलं, डोळे पाहिले, नाडी पाहिली, बाटलीचा वास घेतला, जिभेला थेंब लावला. “अफू नाही यात. औषध बरोबर आहे, गुरम्मा. पोरगी दमलेली होती, म्हणून झोपली.”

गुरम्मा भिंतीला टेकून रडू लागली. केराबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

डॉक्टर नारायणरावांना घेऊन समोर त्यांच्या घरी गेले.

“सकाळी इन्सुलिन किती घेतलंत?”

“दहा युनिट. रोजच्यासारखं.”

नारायणरावांच्या पत्नी यशोदाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “पूजेच्या आधी घेतलं होतं तुम्ही. मग जेवायच्या आधी परत सुई उकळताना पाहिलं मी. मला वाटलं, धुऊन ठेवताय. आणि पान तसंच टाकून गेलात.”



“मेंदू साखरेवर चालतो, नारायणराव,” डॉक्टर म्हणाले. “आज ती एकदम खाली गेली, म्हणून तुम्हाला घर सापडेना. ते गुळानं भागलं. पण पहिली सुई घेतल्याचं विसरलात, ते वेगळं. वर्षानुवर्षं रक्तात साखर जास्त राहिली, तर काहींची आठवण झिजते म्हणतात. अजून कुणाला नीट कळलेलं नाही.”

“किती झिजेल?”

“सांगता येत नाही.”

नारायणराव म्हणाले, “उद्यापासून कपाट दुसऱ्या कुणाकडे द्या.”

“अहो, तुमचा हात चुकला नाही. औषध बरोबर होतं.”

“होतं. पण ते मी सांगू शकलो नाही. तुम्ही चाखून सांगितलंत.”

डॉक्टरांनी पुढे आग्रह केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी यशोदाबाईंनी सुई उकळली. नारायणरावांनी त्यांना काचेवरच्या रेघा दाखवल्या, हवेचा बुडबुडा कसा काढायचा ते शिकवलं. हजारो माणसांना सुया टोचल्या त्या हाताचा दंड त्यांनी बायकोपुढे केला.

“दहा,” त्या म्हणाल्या.

“दहा,” नारायणराव म्हणाले.

सुई निघाल्यावर यशोदाबाईंनी लगेच भाकरीचं ताट पुढे ठेवलं. पहिल्या घासानंतर नारायणरावांनी विचारलं, “टोचलंस का?”

“टोचलं.”

भाजी वाढताना त्यांनी परत विचारलं. ताक घेताना परत. यशोदाबाई दर वेळी पहिल्यांदाच विचारल्यासारखं उत्तर देत होत्या. चौथ्या वेळी नारायणरावांनी मान वर करून तोंड उघडलं, आणि बायकोच्या चेहऱ्याकडे पाहून तसंच मिटलं. मग डाव्या हातानं सदऱ्याची बाही वर सरकवली, दंडावरचा बारीकसा लाल ठिपका पाहिला, आणि बाही खाली ओढून ते जेवू लागले.